मोसमाचा पहिला चेंडू

"अरे विश्राम, घरून निघताना धुतले, गाडीतून उतरल्यावर धुतले, आत्ता गेटपाशी धुतले. अजून धुतले तर रेषा जातील हातावरच्या."

"जाऊ देत. ज्योतिषाची फी वाचेल. पुढे कर."

पद्माकरने हात पुढे केले आणि विश्रामने त्यांवर सॅनिटायझरचे दोन फवारे मारले. मग त्याला कुंपणावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला, तो फोनवर नीट उमटेपर्यंत खांद्यावरून पाहिलं, आणि वहीत टिक केली. ऑक्टोबर दोन हजार वीसचा तो शनिवार होता. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिल वाघ या क्रिकेट टीमचा मोसमातला पहिला सामना एक वाजता सुरू व्हायचा होता. वाघ सहाव्या ग्रेडमध्ये खेळत असत. त्याखाली ग्रेड नव्हती, म्हणून ते तिथे होते.

विश्राम नाबर चोपन्न वर्षांचा होता. एका सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात तो शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून ट्रेमध्ये लावत असे. एकोणीस वर्षांत त्या कामाबद्दल त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मार्चपासून मात्र त्याचं निम्मं उपनगर, निम्मं पेंडल हिल, फोन करून विचारू लागलं, की कोथिंबीर कशाने धुवावी. त्यामुळे सप्टेंबरातल्या झूम मीटिंगमध्ये टीमचा कोविड ऑफिसर म्हणून त्याची निवड एकमताने झाली. त्यानंतर दोन मिनिटांनी कॅप्टन यतिनने संघ वाचून दाखवला. त्यात विश्राम बारावा होता. त्यावरही कोणी हरकत घेतली नाही. विश्राम तेव्हा म्यूटवर होता.

टीम काढल्यापासून तेरा वर्षं मोसमाचा पहिला चेंडू विश्रामने खेळला होता. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने फार धावा केल्या होत्या असंही नाही, सर्वाधिक अडतीस. पण तो पहिला चेंडू सोडून द्यायचा, बॅट काखेत धरून पिचवर दोन पावलं पुढे यायचा, नसलेला खडा उचलून टाकायचा, आणि मग मोसम सुरू झाला असं सगळ्यांना वाटायचं. सकाळी डबा भरताना बायकोने, शोभाने विचारलं होतं, "आज खेळणार आहेस की नुसताच फवारणार आहेस?" डबा उचलून तो निघून आला होता.

त्याच्या जागी सलामीला निनाद होता. वय सव्वीस, राहणार स्कोफिल्ड्स, चेंडू दिसला की तो कुंपणाबाहेर टाकायचा एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. गुरुवारी नेट प्रॅक्टिसला तो तीनदा शिंकला. हे परागकणांचे दिवस, अर्धं सिडनी शिंकत होतं; पण नियम म्हणजे नियम, विश्रामने त्याला टेस्टला पाठवलं. रिझल्ट येईपर्यंत घरी थांबायचं होतं. निनाद सामन्याला आला आणि पार्किंगच्या टोकाला, गमट्री म्हणजे निलगिरीच्या झाडाखाली, पॅड बांधून, काचा बंद करून कारमध्ये बसला. कार म्हणजे घराचंच एक्स्टेन्शन, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा फोन दुरुस्तीला गेलेला. टेस्टच्या फॉर्मवर त्याने पाठ असलेला एकमेव नंबर लिहिला होता: टीमच्या किटबॅगवर मार्करने लिहिलेला, 'हरवल्यास संपर्क'. तो विश्रामचा होता.

बारा एकोणीसला विश्रामच्या खिशात फोन थरथरला.

त्याने मेसेज वाचला. निनादचं नाव, जन्मतारीख आणि निगेटिव्ह. तो पुन्हा वाचला. दूर कारच्या काचेआडून निनादने अंगठा वर केला, मग खाली केला, मग खांदे उडवले. म्हणजे वर की खाली, एवढं सांगा. विश्रामने फोन खिशात ठेवला आणि सॅनिटायझरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.

"काका, आला का?" यतिन टॉसला निघाला होता. मागच्या मोसमापर्यंत तो विश्रामला नावाने हाक मारायचा. काका ही बढती कोविडमधली.

"नाही अजून," विश्राम म्हणाला.

"शिट. मग तुम्ही इन. ओपनच करा. फक्त दहा ओव्हर खाऊ नका, प्लीज."

"नाही खाणार."

तळघरातल्या प्रत्येक ट्रेमध्ये कागदाची एक पट्टी असे. वाफेने तिचा रंग बदलला नसेल, तर सर्जन दारात उभा असला तरी तो ट्रे पुढे जात नसे. एकोणीस वर्षांत विश्रामने असा एकही ट्रे पुढे जाऊ दिला नव्हता. पॅड बांधताना हे त्याला आठवलं. त्याने पट्टे आवळले.

टॉस जिंकून यतिनने बॅटिंग घेतली आणि विश्रामबरोबर स्वतःच सलामीला उतरला. या ग्रेडमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमलाच आपला अंपायर द्यावा लागतो, त्यामुळे पद्माकर उभा राहिला. पहिला चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेरून गेला. विश्रामने तो सोडला, बॅट काखेत धरली, दोन पावलं पुढे आला आणि नसलेला खडा उचलला. मोसम सुरू झाला.

तेवढ्यात पार्किंगच्या टोकाहून कारचा हॉर्न वाजला. छोटासा, अभिनंदनाचा.

त्यानंतर विश्रामच्या प्रत्येक धावेवर हॉर्न वाजला. एका धावेला एकदा, दोन धावांना दोनदा. लेग बायला अर्धवट वाजला, बहुधा तिथून नीट दिसलं नसावं. पद्माकर हसू दाबत होता. सातव्या ओव्हरच्या शेवटच्या चेंडूला विश्रामची बॅट कशी कोण जाणे सरळ आली आणि चेंडू गोलंदाजाच्या बाजूने थेट कुंपणाला लागला. दोन मोसमांतला त्याचा पहिला चौकार. हॉर्न लांबलचक वाजला, हेडलाइट्सही लागले.

"हूज युअर फॅन, मेट?" गोलंदाजाने हसत विचारलं.

विश्रामने गमट्रीकडे पाहिलं.

"अवर ओपनर," तो म्हणाला.

मग तो पिचच्या मध्यावर यतिनकडे गेला. "यतिन, निनादचा रिझल्ट आलाय. निगेटिव्ह."

"आता? बॅटिंग करताना?"

"टॉसच्या आधी."

यतिनला कळायला थोडा वेळ लागला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग का?"

"पहिला चेंडू खेळायचा होता."

यतिनने ग्लोव्हचा पट्टा उघडला, पुन्हा लावला.  विश्राम समोरच्या कॅप्टनकडे गेला. हा ग्लेन, धंद्याने प्लंबर. एकदा नावं दिली की खेळाडू बदलायला समोरच्या कॅप्टनची परवानगी लागते. विश्रामने ती मागितली, आणि का लागतेय तेही सांगितलं.

"तू तर सेट आहेस, मेट," ग्लेन इंग्रजीत म्हणाला. "तोच राहू दे कारमध्ये."

"तो माझ्यापेक्षा बराच चांगला खेळतो."

"मग तर मुळीच नको!" ग्लेन मोठ्याने हसला. मग विश्रामच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "नो वरीज. आण त्याला."

विश्राम पार्किंगपर्यंत चालत गेला. पॅडमुळे चाल जड होती, अंतर लांब होतं. त्याने काचेवर टकटक केली.

"काका, काय फोर मारलात! आऊट कसे झालात?"

"झालो नाही. तुझा रिझल्ट आलाय. निगेटिव्ह. बारा एकोणीसला."

निनादने डॅशबोर्डवरचं घड्याळ पाहिलं. एक बत्तीस. त्याने विश्रामकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं, आणि शिंकला.

"पोलन," तो म्हणाला. मागच्या सीटवरून बॅट काढली, दार उघडलं. तीन-चार पावलं गेल्यावर न वळता म्हणाला, "फोर खरंच भारी होती."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे विश्रामला ठरवता आलं नाही. तो पॅड सोडत मैदानाकडे परतला.

पद्माकर स्कोअरबुक घेऊन बसला होता. उन्हात उभं राहून पाय दुखले होते. आता अंपायर दुसरा कोणी व्हा, असं त्याने जाहीर केलं होतं.

"काय लिहू तुझ्यापुढे? रिटायर्ड नॉट आऊट, चौदा?"

"आऊट लिही."

"अरे, कोणी केलं तुला आऊट?"

"लिही ना."

पद्माकरने पेन उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. विश्रामने टोपी घातली, हात सॅनिटाइझ केले आणि गोलंदाजाच्या टोकाला स्टंपमागे अंपायर म्हणून जाऊन उभा राहिला. यतिन त्याच्याकडे न बघता स्ट्राइक घ्यायला गेला आणि पहिल्याच चेंडूवर एक धाव काढून या टोकाला आला. दोघांमध्ये दीड मीटर अंतर होतं, नियमात बसणारं.

समोर निनादने बॅट क्रीझवर उभी धरली.

"मिडल स्टंप, काका."

विश्रामने हात आडवा धरून गोलंदाजाला थांबवलं, एक डोळा मिटला.

"थोडं तुझ्याकडे," तो म्हणाला. "अजून. अंऽ... जास्त झालं. हां. तिथे."

निनादने बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढली, क्षेत्ररक्षकांवरून एकदा नजर फिरवली आणि वाकला. विश्रामने हात खाली घेतला.