अजून तीन महिने

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खाली यंत्रं सुरू झाली की वर फरशी थरथरायची आणि पियानोवरचा पाण्याचा पेला आपोआप कडेला सरकायचा. गाण्यांच्या नाटकात काम करू पाहणारी पोरं तिथे आवाज घडवायला यायची. शिकवणारी बाई पन्नाशीची. तिला सगळे मावशी म्हणत, कारण तिची पहिली विद्यार्थिनी म्हणजे तिची सख्खी भाची. तिचं ऐकून ऐकून बाकीच्यांच्या तोंडीही तेच बसलं.

मावशीची रीत भल्याभल्यांचा अंत पाहणारी होती. पहिले दोन महिने सूर लावायचाच नाही. गाणं आधी नुसतं बोलायचं, शेजारणीशी भांडायला गेल्यासारखं. नाटकातलं माणूस बोलणं पुरेनासं झालं की गातं, तेव्हा आधी ते पुरत नाही हे मला दिसू दे, असं ती म्हणे. मग तेच शब्द म्हणत छापखान्याचा जिना चढायचा. दम तुटेल त्या पायरीवर खडूने खूण करायची. ती खूण शेवटच्या पायरीवर गेली की मगच पियानोचं झाकण उघडायचं. आणि वरच्या सुराला कुणी मान ताणून ओरडलं, तर ते झाकण तिथल्या तिथे बंद व्हायचं.

ही सावधगिरी उगाच नव्हती. तिशीच्या आतच मावशीचा स्वतःचा आवाज फाटला होता. अंगात ताप असताना तिने प्रयोगांमागून प्रयोग केले, आणि एके दिवशी भर रंगमंचावर तोंड उघडलं तर नुसती हवा आली. दुधाने पोळलेली बाई ती, ताकही फुंकूनच पिणार.

भाची सहा वर्षं तिच्या हाताखाली होती. एक दिवस नव्या नाटकासाठी नायिका शोधत एक दिग्दर्शक आला, भाचीचं गाणं ऐकलं, खूश झाला. जाताना त्याने मावशीला जिन्यात गाठून विचारलं, आठवड्याला आठ प्रयोग पोरीला झेपतील का. मावशी हो म्हणू शकली असती. पण त्या नाटकातल्या दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या गाण्यात भाचीच्या गळ्याच्या शिरा अजून तट्ट फुगायच्या, ते तिला दिसत होतं.

"अजून तीन महिने द्या," ती म्हणाली.

तीन महिने त्याच्याकडे नव्हते. नायिका दुसरीच कुणी झाली.

हे सगळं मावशीने भाचीला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता राहिलं. शेवटी नाटकाचे कपडे शिवणाऱ्या बाईकडून ते भाचीच्या कानावर गेलं. ती आली तेव्हा वर्ग संपून मावशी खुर्च्या भिंतीला लावत होती. भाची दारातच उभी राहिली.

"माझा आवाज तुझ्यासारखा जाईल याची भीती वाटते तुला," तिने विचारलं, "की जाणार नाही याची?"

मावशीने हातातली खुर्ची खाली ठेवली. तोवर भाची जिना उतरून गेलीही होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मास्तर होते, दीड महिन्यात मोठा आवाज काढून देणारे. भाची त्यांच्याकडे गेली, आणि वर्षाच्या आत एका नव्या नाटकाची नायिका झाली. मावशी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसली. दुसऱ्या अंकात भाचीने सूर लावला आणि सगळं नाट्यगृह उभं राहिलं. मावशीच्याही अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी, क्षणभरच, हा सूर आत्ता तुटावा असं तिला वाटून गेलं. स्वतःचीच तिला किळस आली. तोवर भाची सूर उतरवून खाली आली होती, आणि त्या उतरणीवर मावशीला खरखर ऐकू आली. दुसऱ्या कुणालाच आली नसावी.

आत रंगपटात भाची कापसाने चेहरा पुसत होती. भोवती सहकलाकारांची गर्दी. "ही माझी मावशी," तिने ओळख करून दिली, "आईची धाकटी बहीण." सहा वर्षांच्या शिकवणीबद्दल अवाक्षर नाही. मावशी वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "ते गाणं दोन सूर खाली घ्यायला सांग."

"टाळ्या ऐकल्यास ना?" भाची आरशात बघतच म्हणाली.

प्रयोगांच्या पाचव्या महिन्यात भाचीचा आवाज बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणून सांगितलं. दीड महिना पूर्ण मौन, मग शस्त्रक्रिया. बोलणं परत येईल, गाण्याचं सांगता येत नाही. मास्तरांनी हात झटकले आणि मुळातला पायाच कच्चा होता असं चारचौघांत सांगत सुटले. थोरल्या बहिणीचा फोन आला. तीही तेच म्हणाली, सहा वर्षं तुझ्याकडे होती ना, मग पाया कच्चा कसा? वर्गातली दोन मुलं सोडून गेली. मावशीने कुणाकडे खुलासा केला नाही.

एका दुपारी भाची वही घेऊन आली. मावशीने तिला जमिनीवर आडवं केलं, पोटावर हात ठेवायला सांगितला, नुसता श्वास घ्यायला लावला. पोरीचा श्वास अजून सुरेख होता. खोल, सावकाश, कुठेही न अडखळणारा. थोड्या वेळाने ती उठून बसली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मावशीपुढे सरकवली.

'तेव्हा तू हो म्हणाली असतीस तर मी तिकडे गेलेच नसते. तू रोज विंगेत उभी असतीस. तू मला थांबवलं असतंस.'

मावशीने ते दोनदा वाचलं. आठवड्याला आठ प्रयोग त्या पहिल्या नाटकातही होतेच, हे तिच्या ओठांवर आलं. पण विंगेत आपण खरंच उभ्या राहिलो असतो, हेही तिला ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली.

भाचीने वही पिशवीत घातली आणि गेली. त्यानंतर ती त्या खोलीत आली नाही. शस्त्रक्रिया नीट झाली. बोलणं परत आलं, जरा जाड, घोगरं. एका दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घ्यायचं काम तिला मिळालं. घरच्या कार्यात दोघी भेटतात, एकमेकींना ताट वाढतात, तब्येतीची चौकशी करतात. कुणी गाण्याचा विषय काढला, की दोघींपैकी एक जण पाणी आणायला उठते.