फळीजवळची खुर्ची

“खुर्ची सोडायची नाही, मान वळवायची नाही आणि टाळ्या तर अजिबात वाजवायच्या नाहीत,” मुख्य पंच म्हणाले.

“मान वळवायची मला सवयच नाही,” मास्तर म्हणाले. “पण साहेब, तो निळ्या मोज्यांचा स्पर्धक माझा जावई आहे. कालही सांगितलं होतं मी.”

“सांगितलंत ना? मग तुमचं कर्तव्य संपलं. दुसरा झेंडेवाला पोट धरून दवाखान्यात पडलाय, आता ऐनवेळी माणूस कुठून पैदा करू? मेणावर बुटाची खूण उठली तर लाल, नाही उठली तर पांढरा. मेणाला जावई कळत नाही.”

मास्तर खुर्चीत बसले. एका हातात लाल झेंडा, एका हातात पांढरा, समोर फळी.

तिहेरी उडीत माणूस जिवाच्या आकांतानं धावत येतो, या फळीवरून उडतो, मग एक लंगडी, एक लांब ढांग आणि शेवटची उडी थेट वाळूत. फळीच्या पुढच्या कडेला मेणाची पट्टी असते. पाय तिच्यावर पडला की ठसा उमटतो आणि उडी बाद होते. तो ठसा पाहायला एक माणूस बसवतात. शाळेत कवायत शिकवून उरलेलं आयुष्य मास्तरांनी याच खुर्चीत काढलं होतं. वाळूचा खड्डा बराच पुढे असतो, आणि नजर फळीवरून हलवायची नसते. त्यामुळे जगातले मोठमोठे उडीपटू मास्तरांनी अगदी जवळून पाहिले होते, पण घोट्यापर्यंतच.

सकाळी निघताना बायको म्हणाली होती, “आज तरी डोळे उघडे ठेवून बघा.”

“उघडेच असतात. फळीवर असतात.”

“जन्मभर फळ्याच बघितल्यात. पोरीचं काय होतंय ते बघा जरा.”

पोरीचं काय होतंय ते मास्तरांना न बघताही कळत होतं, कारण ते त्यांच्याच घरात होत होतं. दोन खोल्या, चार माणसं. जावयाची नोकरी खेळाडू म्हणून मिळालेली आणि म्हणून तात्पुरती. या स्पर्धेत पदक मिळालं की नोकरी कायम आणि सोबत सरकारी घर. लग्नाच्या वेळी हे ‘लवकरच’ होणार होतं. तेव्हापासून मुलगी आणि जावई आतल्या खोलीत, बायको बाहेरच्या दिवाणावर, आणि मास्तर स्वयंपाकघरात, पाय गॅसच्या सिलिंडरला टेकवून. घरभर वाळू. बादलीत वाळू, अंथरुणात वाळू. “जावईबुवा, बूट बाहेर झटका हो,” हे वाक्य मास्तर रोज म्हणत आणि जावई रोज “हो बाबा” म्हणे. त्याचा गुडघा आता शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की पुढच्या वर्षी उडी विसरा. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच. सिलिंडरपासून सुटका हवी असलेला माणूस त्या मैदानावर एकच होता, आणि झेंडे नेमके त्याच्याच हातात होते.

प्रत्येकाच्या पाच उड्या झाल्या. जावई चौथ्या क्रमांकावर. एक उडी उरली.

तो धावपट्टीच्या टोकाला उभा राहिला. प्रेक्षकांनी तालात टाळ्या धरल्या. मास्तरांनी मान खाली घातली. आधी पावलं ऐकू आली, मग ती जवळ आली, मग डोळ्यांसमोरून निळा मोजा गेला. धप्प. पुढे लंगडीचा आवाज, ढांगेचा आवाज, आणि मग काहीच नाही. उडीची लांबी मास्तर कानांनी ओळखत, आणि ही शांतता संपेचना. गडी वर अडकला की काय, असं त्यांना वाटलं. मग वाळूचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळं स्टेडियम ओरडलं.

मेणावर खूण होती. केसाएवढी.

ती त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नव्हती. दर उडीनंतर मेण सारखं करायला त्यांचा अंगठा होताच. एकदा फिरवला असता तर आतली खोली मोकळी झाली असती. मास्तरांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग लाल झेंडा वर गेला, नेहमीपेक्षा जरा जड.

ओरडा थांबला. जावई लंगडत परत आला, फळीपाशी वाकला.

“दाखवा सर,” तो म्हणाला. मैदानावर तो सरच म्हणे.

मास्तरांनी बोट ठेवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं.

“आहे,” तो म्हणाला, आणि मोजे ओढत निघून गेला.

मास्तरांनी मेण सारखं केलं. पहिले तिघे अजून उडायचे होते.

स्पर्धा संपल्यावर पंचांनी रांगेत बाहेर पडायचं असतं, सरळ पुढे बघत. मास्तरांनी पहिल्यांदाच मान वळवली. खड्ड्यातली वाळू दाताळ्यानं सपाट केलेली होती.

फाटकापाशी मुलगी उभी होती. डोळे पुसून झालेले होते.

“एवढी लांब उडी यानं जन्मात मारली नव्हती, बाबा. खड्ड्याबाहेर जातो की काय असं वाटलं. पाहिलीत ना?”

“नाही.”

“मीही नाही,” जावई म्हणाला. “शेवटी डोळे मिटतात माझे.”

मुलीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. “धन्य आहे. म्हणजे घरात मी एकटीच साक्षीदार.”

घरी दार उघडताना बायकोनं मास्तरांकडे पाहिलं आणि ती आत पाणी आणायला गेली. टीव्ही बंद होता, म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं.

जावयानं सवयीनं उंबऱ्याच्या आतच बसून बूट काढले आणि उलटे केले. मूठभर वाळू फरशीवर सांडली. त्याच्या लक्षात आलं.

“चुकलो बाबा. झाडतो लगेच.”

“राहू द्या,” मास्तर म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलून दाराच्या मागे ठेवली, वाळूवर पाय पडणार नाही असा वळसा घालून आत गेले, आणि स्वयंपाकघरात आपली गादी पसरायला लागले.