पेराएवढी नळी

"बाबा, आज गाडी तू चालव. हात वळतच नाहीये," असं म्हणत श्रुतिकाने उजवं मनगट माझ्यापुढे धरलं.

सकाळचे पावणेसहा झाले होते. अंगठ्याखालचा भाग चांगलाच सुजला होता आणि वर क्रेप बँडेज गुंडाळलेलं. रत्नप्रभा, म्हणजे आमचं कुटुंब, चहा गाळत होती. तिने गाळणी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "चेडवाचो हात बघितल्यात? कितके दिस सांगतंय, ती गाडी इकून टाका."

मी बँडेजकडे बघत बसलो. ते मनगट कशाने सुजलंय हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी धोंडू. दहिसरला नदीच्या पुलाजवळ माझं दुचाकीचं गॅरेज आहे, तीस वर्षं होऊन गेली. बाप गिरणीत होता, गिरणी गेली तेव्हा मी पाना हातात धरला तो अजून सोडलेला नाही. मला लोक विचारतात, मुलाला पहिली गाडी कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं. शंभर सीसी. त्याच्या वर बोलायचंच नाही. हलकी असते, पाय जमिनीला टेकतात, पडली तरी एकट्याने उचलता येते. क्लच चुकून पटकन सुटला तर गचका देऊन बंद पडते, उधळत नाही. अरुंद गल्लीतून सहज निघते आणि पाण्यासारखं पेट्रोल पीत नाही. नवशिक्याला चूक माफ करणारी गाडी हवी. आणि त्या स्कूटरांचं मला कौतुक सांगू नका, एवढीशी चाकं, आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात बसली की माणूस तोंडावर. चाक मोठं, इंजिन छोटं, हे माझं तत्त्व. लोक हसतात, म्हणतात धोंडूशेठ, तुम्हाला धंदा कळत नाही. हसू देत.

लोकांना मी अर्धंच कारण सांगतो. उरलेलं अर्धं टेम्पोतून गॅरेजला येतं. अपघात झालेली गाडी पोलिसांकडून सुटली की घरचे ती माझ्याकडे टाकून जातात. मी ती धुतो. टाकीखाली, सीटच्या पट्टीत, कुठे कुठे काय अडकलेलं असतं ते मी घरी सांगत नाही. नितेश नावाचा एक पोरगा होता, बावीस वर्षांचा, मोठी चारशे सीसीची गाडी. गुरुवारी मी त्याची चेन ताणून दिली आणि रविवारी ती गाडी टेम्पोतून आली. मागोमाग त्याचा बाप आला. त्याने एकच विचारलं, गाडी कितव्या गिअरमध्ये होती ते कळतं का? मी खाली बसून बघितलं. सहाव्या. मी म्हटलं, दुसऱ्या गिअरमध्ये होती, पोरगा सावकाश चालवत होता, समोरच्याची चूक. बापाने मान हलवली आणि निघून गेला. खोटं बोललो, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत श्रुतिकाला नोकरी लागली. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि कांदिवलीच्या लॅबमध्ये नेऊन द्यायचे. सकाळी उपाशीपोटीचं रक्त घेतात, त्यामुळे साडेपाच-सहाला घर सोडायचं, आणि गाडी स्वतःची हवी. तिच्याबरोबरची प्रांजल दीडशे सीसी चालवते, हिलाही तसलीच हवी होती. मी आकाशपाताळ एक केलं. शेवटी जुनी शंभर सीसी शोधून आणली, स्वतः उघडली, स्वतः बांधली. नदीकाठच्या रस्त्यावर रविवारी शिकवली. पोरगी हुशार, तिसऱ्या रविवारी आठाचा आकडा काढायला लागली. रत्नप्रभा नारळ घेऊन आली, लिंबू-मिरची बांधली. सगळे खूश. मला मात्र एवढंच दिसत होतं, की ती हसतेय आणि नितेशही असाच हसायचा.

त्या दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून मी तिच्या गाडीचा कार्बोरेटर खोलला. मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि आतला पिस्टन वर सरकतो. जितका वर तितकी गाडी पळते. त्या केबलवर मी पितळी नळीचा एक तुकडा ओवला, बोटाच्या पेराएवढा. आता पिस्टन अर्ध्यावर येऊन नळीला टेकणार आणि मूठ तिथेच अडणार. सपाट रस्त्यावर चाळीस, फार तर बेचाळीस. झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, बाबा, मूठ एका जागी येऊन अडते, पुढे जात नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, गाडीत काही नाही, तुझा हात आखडतो. नवीन माणसाचा आखडतोच, घाबरतं मन आणि अडतो हात. भीती गेली की मूठ आपोआप पुढे वळेल.

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? अख्खं दहिसर माझ्या शब्दावर गाड्या घेतं.

मग ती रोज आपल्या भीतीशी झगडायला लागली. कधी आरशासमोर उभी राहून हात सैल सोडायची, कधी प्राणायाम करायची. जेवताना सांगायची, की नॅशनल पार्कजवळचा पूल चढताना मागून कंटेनर आला की मी जीव खाऊन मूठ पिळते, पण माझा हात पुढे जातच नाही रे. प्रांजल सुळकन निघून जाते आणि मी तिथेच. मी वरण-भात कालवत म्हणायचो, होईल सवय. मनात म्हणायचो, चाळीसच्या आत आहे ना, मग जिवंत आहे. असे पाच महिने गेले.

आणि आता हे मनगट.

मी हेल्मेट घातलं. ती मागे बसली, नमुन्यांचा निळा डबा मांडीवर धरून. कांदरपाड्याला एका आजोबांचं रक्त घेतलं, चेकनाक्याजवळ एका गरोदर बाईचं. दुखऱ्या हातानेही तिची सुई पहिल्या फटक्यात शिरेत जाते, हे मी दारात उभं राहून पाहिलं. पावणेसातला आम्ही हायवेला लागलो. आठच्या आत डबा लॅबमध्ये पोचायला हवा होता.

त्या वेळी हायवेवर अवजड गाड्यांची झुंबड असते. बंदीची वेळ लागायच्या आत शहरात घुसायचं असतं सगळ्यांना. मी तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण चालवतो ती गल्लीत, फार तर नाक्यापर्यंत. त्या पुलावर दुचाकीवरून मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. चढ लागला. दोघांचं वजन, वर डबा. चौथ्यात गाडी कुंथायला लागली, तिसरा टाकला. तीस, अठ्ठावीस, पंचवीस. मूठ पिळली. अडली.

मला माहीत होतं की अडणार. मीच अडवली होती. तरी मी पिळत राहिलो, मनगटातून कळ निघाली तरी पिळत राहिलो. आरशात आधी दिवे दिसले, मग जाळी दिसली, मग आरशात नुसतं लोखंडच उरलं. हॉर्न वाजला तो पाठीत बसला. उजवीकडून बस चाललेली, सरकायला जागा नाही. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचं भान नव्हतं, एवढंच कळत होतं की कंटेनर आणि मी यांच्यामध्ये माझी मुलगी बसलेली आहे.

तेवढ्यात तिचा हात माझ्या खांद्यावर आला. अगदी शांतपणे.

"तुझाही हात आखडला ना, बाबा? असू दे. घाबरू नको. डावीकडे घे, एकदम कठड्याला लागून. मी त्याला हात दाखवते."

तिने मागे वळून कंटेनरवाल्याला हात केला, थांब, थांब म्हणून. मी गाडी कठड्याला इतकी घासून घेतली की बुटाला भिंत लागत होती. कंटेनर बाजूने गेला. त्याची मोठी चाकं माझ्या गुडघ्याला लागून फिरताना दिसत होती आणि वाऱ्याने गाडी डुलली. तिने माझा खांदा दाबून धरला. म्हणाली, मी रोज असंच करते, झालं, गेला बघ.

रोज. पाच महिने, रोज, एकटी.

पूल उतरून मी उद्यानाच्या भिंतीजवळ गाडी बाजूला घेतली. तिने विचारलं, पेट्रोल संपलं का? मी म्हटलं, दहा मिनिटं दे. ती घड्याळ बघून डबा घेऊन फुटपाथच्या कडेला बसली. मी हत्यारांचा बटवा काढला. कार्बोरेटर तापलेला, बोटं भाजली, पण दोन स्क्रू काढले, केबल ओढून पिस्टन बाहेर घेतला आणि नळी काढून झाकण परत बसवलं. तिची माझ्याकडे पाठ होती. नळी मला खिशात टाकता आली असती, वायसर खराब होता म्हणालो असतो तर तेही तिने मानलं असतं. नितेशच्या बापाने मानलंच होतं.

मी तिच्यासमोर जाऊन हात उघडला.

"ही मी घातली होती. पहिल्याच दिवशी. तुझा हात कधीच आखडत नव्हता."

तिने नळी उचलली, उलटसुलट केली. पोरगी मेकॅनिकची, समजावून सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, मला भीती वाटत होती गं. टेम्पोतून गाड्या येतात, मी धुतो. मला तुझी गाडी धुवायची नव्हती.

"पाच महिने मला वाटत होतं, मी भित्री आहे," ती म्हणाली. "सगळे जातात, मलाच जमत नाही. प्रांजलला मी सांगितलं होतं, मी नोकरी सोडणार म्हणून."

ती रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने नळी माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाली, मागे बस.

मनगटाचं काय, असं मी विचारलं तर तिने बँडेज सोडून खिशात कोंबलं. गाडी सुरू केली. मूठ आता दोन बोटांनी वळत होती, जोर लावायचं कामच नव्हतं. पुढच्या चढावर मागे बस आली तेव्हा मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि डोळे मिटले. तिने मूठ थोडीशीच वळवली. गाडी निघाली, बस मागे राहिली, आणि चढ संपताच तिने वेग परत कमी केला. पन्नासच्या वर ती गेलीच नाही. शंभर सीसीत किती जीव असतो हे सगळ्या दुनियेला सांगणारा मी, पण तो जीव मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

लॅबच्या दाराशी तिने डबा घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यापुढे माझ्या गाडीला तू हात लावायचा नाहीस, बाबा."

मी मान हलवली. घरी गेल्यावर रत्नप्रभाला मी सगळं सांगितलं.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. श्रुतिका माझ्याशी नीट वागते. मला चहा देते, बीपीची गोळी घेतली का विचारते. मनगट बरं झालं. गाडी सर्व्हिसिंगला बोरिवलीला टाकते. टाकीवर त्या गॅरेजचं पिवळं स्टिकर आहे, पुढच्या ऑइलची तारीख लिहिलेलं. गॅरेजला येणाऱ्यांना ते दिसतं. एकाने विचारलंच, धोंडूशेठ, पोरीची गाडी दुसऱ्याकडे? मी म्हटलं, तिला तिकडे जवळ पडतं.

आज सकाळी ती निघाली तेव्हा दाराशी गाडी वळवताना चेनचा आवाज आला. खळ्, खळ्. अर्धा इंच सैल आहे, मला दारातून कळलं. पाना लावून दोन मिनिटांचं काम, वर तेलाचे चार थेंब. मी आत जाऊन तेलाची बुधली घेतली, चप्पल घातली आणि तिला हाक मारली. ती थांबली. एक पाय खाली टेकवून, हेल्मेटची काच वर करून तिने मागे बघितलं. माझ्या हातातली बुधली तिला दिसली.

"चेन सैल वाटते," मी दारातूनच म्हटलं.

"हो. शनिवारी दाखवते त्यांना," ती म्हणाली. "तू आत जा. चहा निवेल."

काच खाली झाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, चौथा. गाडीचा आवाज नदीच्या पुलावरून हायवेकडे गेला आणि मग कळेनासा झाला. आता ती पूल चढत असेल. मी बुधली हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.