ठरलेलं उत्तर

मंगळवारी सकाळी साडेनऊला इंदुमती शेडबाळेच्या गाडीतल्या कॉम्प्युटरने तिचं ऐकणं बंद केलं आणि दहाच्या आत सगळ्या जयसिंगपुरानेही.

ती तेव्हा शिरोळ रस्त्यावर होती. स्टिअरिंगवर मगदूमबाई, शिकायला लागून आठवडाच झालेला. इंदुमती बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होती आणि इंजिन तिला कानाने कळायचं. चार ठोक्यांतला एक चुकत होता.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"हो की. अडखळल्यासारखं वाटतंय," मगदूमबाई म्हणाल्या.

तेवढ्यात स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला आणि गाडी वीसच्या वर जाईना. पाय तळापर्यंत दाबला तरी वीस. सायकली पुढे निघून गेल्या, मग उसाचे ट्रॅक्टरही गेले.

रियाज शिकलगारचं गॅरेज स्टेशनजवळ होतं. एकेकाळी हा रियाज क्लच आणि ब्रेक एकदम सोडायचा. त्याला गाडी शिकवली ती इंदुमतीनेच. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"मॅडम, सेन्सर सगळे ठीक आहेत. कोड तुमचा आलाय."

"माझा म्हणजे?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. 'प्रशिक्षक: इंदुमती भूपाल शेडबाळे. संकेत विश्वासार्ह नाही. ठरलेलं उत्तर लागू.'

"कसंय मॅडम," रियाज हात पुसत म्हणाला, "आत एक डबा असतो. हवा किती आली, पाणी किती तापलं, तुम्ही पाय किती दाबला, हे सगळे सेन्सर त्याला सांगतात. त्यावरून तो ठरवतो पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची. सेकंदाला कितीतरी वेळा. पण एखादा सेन्सर बाकीच्यांपेक्षा वेगळंच सांगायला लागला, की तो त्याचं ऐकत नाही. त्याच्या जागी आधीच भरून ठेवलेला आकडा घेतो. गाडी बंद पडत नाही. हळूहळू घरी पोचते."

"अरे, पण चुकतोय तो डबा! तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेलीय. उघडून बघ."

रियाजने मान डोलावली. "बरं आहे, चालेल, म्हणताय ना? मग झालं तर."

"मी असं म्हणाले?"

"आत्ताच की."

तिने पुन्हा सांगितलं. कॉइल. तिसरी. गेलीय. प्रत्येक वेळी रियाजने तशीच मान डोलावली. हळूहळू तिच्या लक्षात आलं. तिने विचारलेलं पोचत होतं. तिने सांगितलेलं पोचत नव्हतं.

"तुम्ही ऐकलात ना तो ठोका?" ती मगदूमबाईंकडे वळली.

मगदूमबाईंनी पदर सारखा केला. "वाटलं होतं खरं. पण मशीन नाही म्हणतंय, आता मला कुठं एवढं कळतंय?"

इंदुमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने धाडकन दार लावलं. दार हळूच, आवाज न करता लागलं.

वीसच्या वेगाने ती घरी पोचली. पुढच्या खोलीत तिचा नवरा भूपाल सांगलीच्या कोगनोळेंना चहा देत होता. कोगनोळेंना तिची ड्रायव्हिंग स्कूल हवी होती. तिच्या नावाची पाटी उतरवून ते तिथे खुर्च्या आणि पडदे लावणार होते. शिकणाऱ्याने खुर्चीत बसून पडद्यावरच गाडी चालवायची, रस्त्यावर जायचंच नाही. भूपाल तीन वर्षं तिला विचारत होता आणि तीन वर्षं ती नाही म्हणत होती. स्कूल तिच्या नावावर होती. तिच्या सहीशिवाय कुणाचंच काही चालत नव्हतं.

"इंदू, वेळेवर आलीस," भूपाल म्हणाला. "साहेब कागद घेऊन आलेत. देऊया ना?"

"नाही. मी मेले तरी देणार नाही."

भूपालचा चेहरा उजळला. "बघा साहेब! चालेल म्हणाली."

"तरी मी तुम्हाला म्हणत होतो," कोगनोळे म्हणाले, "वहिनी समजूतदार आहेत."

तिने जोरात मान हलवली. मान खालीवर झाली. तिने कोगनोळेंच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि कागदावर आडवं, मोठं 'नाही' लिहिलं. शाई वाळता वाळता अक्षरं सरकली. तिथे 'बरं आहे, चालेल' असं उमटलं, तिच्याच वळणदार अक्षरात.

"अहो, मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

"पण तू कुठं म्हणतेस?" भूपाल मायेने म्हणाला आणि बशी तिच्यापुढे सरकवली. "चहा घे."

बावीस वर्षं ती ज्यांच्या शेजारी बसली, ती सगळी माणसं तिच्या एका शब्दावर ब्रेक दाबायची. आता समोरची दोन माणसं तिच्याकडे बघून समाधानाने हसत होती. मग तिला दिसलं की कागदाच्या तळाशी तिची सही आपोआप उमटतेय. आधी 'इं' आला. मग 'दु'.

ती दाराकडे धावली. पाय धावले नाहीत. ठरलेल्या चालीने एकेक पडत राहिले. टेबलापासून गाडीपर्यंत अकरा पावलं होती. आठव्या पावलाला आतून कोगनोळेंचा आवाज आला, "आडनाव सुरू झालं बघा."

डब्याची वीजच तोडायची म्हणून तिने डिकीतून दहा नंबरचा पाना काढला, बॉनेट उचललं आणि बॅटरीच्या काळ्या केबलचा नट सैल केला. दोन आटे फिरले. केबल खुंटीवरून सुटली.

घरातला पंखा थांबला. त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसायला लागली. भूपालचा कप ओठांपासून बोटभर अंतरावर राहिला. कोगनोळेंचा हात कागदावर अर्धा झुकलेला होता आणि सही 'शेड'पाशी अडली होती. समोरच्या बाईने अंगणात फेकलेलं पाणी जमिनीपासून वीतभर वर, पसरलेलं, तसंच राहिलं.

"नाही," इंदुमती म्हणाली.

तो तिचा आवाज होता. गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"नाही!" ती ओरडली. "कॉइल गेलीय! स्कूल माझी आहे! मी कधीच चालेल म्हटलं नव्हतं!"

पाण्याचा एक थेंबही हलला नाही. ऐकायला कुणीच चालू नव्हतं.

मुठीतल्या केबलला हिसका बसला. ती खुंटीकडे ओढ घेत होती, दावणीच्या जनावरासारखी. इंदुमतीने पाना टाकून दिला आणि केबल दोन्ही हातांनी धरली. चपला मातीत रुतवल्या. सोडली की केबल परत खुंटीवर बसणार आणि सही पुढे सरकणार. खिडकीतून टेबलावरचा कागद स्वच्छ दिसत होता, अकरा पावलांवर.

केबल हातभर लांब होती.