रेटवाल्या भाऊंची भरीत पार्टी

जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात मी बारा वर्षं मशीनवर उभा आहे, पण चहाच्या टपरीवर माझी ओळख एकच, 'रेटवाले भाऊ'. कुठला प्लॉट काय भावाने गेला, कुणाचं रो-हाउस किती दिवस पडून आहे, मला तोंडपाठ. स्वतःच्या नावावर वीटही नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून मी अख्ख्या शिफ्टला घर घ्यायचे सल्ले देतो.

यंदा शेजारी नवा कारखाना सुरू झाला, धुळे-चाळीसगावकडून माणसं आली आणि आमच्या घरमालकाने बजावलं की संक्रांतीपासून भाडं दीडपट, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. माझी बायको दिपमाला म्हणाली, "आता पुरे. खिळा ठोकायचा तरी दुसऱ्याला विचारायचं."

आणि घर सापडलं. चुडामण नाना एकटे राहत होते, त्यांना मुलीकडे धुळ्याला जायचं होतं. कारखान्यापासून चालत दहा मिनिटं, दोन खोल्या, मागे मोकळं अंगण. नानांना बाजारभाव माहीत नव्हता. त्यांनी सोळा लाख सांगितले. कर्ज काढून आम्हाला कसंबसं तेवढंच झेपत होतं. सोमवारी इसार द्यायचं ठरलं.

"सोमवार कशाला? आजच द्या," दिपमाला म्हणाली.

पण मध्ये रविवार होता, थंडी पडली होती आणि अंगण मोकळं होतं. खानदेशी माणसाला एवढं पुरतं. नानांना विचारून मी तिथेच भरीत पार्टी ठेवली, शिफ्टमधल्या वीस जणांना बोलावलं. खरं सांगायचं तर मला भरीत खायचं नव्हतं, मिरवायचं होतं.

तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून ठेचली, वर कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. नानांना मी मानाने माझ्या शेजारीच बसवलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात आमच्या मशीनवरचा प्रेमराज म्हणाला, "भाऊ, एवढ्या आडबाजूला घर घेता?"

मला झोंबलं. मी पुरी खाली ठेवली.

"आडबाजूला? अरे, नवा कारखाना इथून हाकेवर. पुढच्या वर्षी रस्ता रुंद होतोय. लिहून घे, दोन वर्षांत याचे दुप्पट होणार. आज पंचवीसला मागितलं तरी लोक रांग लावतील!"

दिपमाला वाढता वाढता थांबली. तिने डोळे वटारले. मला वाटलं, भरीत संपलंय. मी तिला 'पुरे' अशी खूण केली आणि आणखी पाच मिनिटं बोललो.

सगळे गेल्यावर नाना हात धुऊन शांतपणे म्हणाले, "भाऊ, तूच सांगं ना, दोन वरीसमा दुप्पट व्हई. मंग मी आज कसाले इकू?"

"नाना, ते तर मी आपलं असंच..."

"नही, नही. तू जानकार मानूस शे. माले बठ्ठं समजनं."

मी हात जोडले, वीस हजार वाढवून पाहिले. नाना हसत राहिले. एवढा मान मला टपरीवरही कधी मिळाला नव्हता.

परतताना दिपमाला भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुम्ही बोलायला लागायच्या जरा आधीच मी आत जाऊन कपाट कुठे ठेवायचं ते ठरवून आले होते." मला रस्त्यातच रडू आलं. डोळ्यांत धूर गेला म्हणावं, तर जाळ कधीच विझला होता.

पुढच्या आठवड्यात एक विकाऊ खोली पाहायला गेलो. कारखान्यापासून सायकलने पाऊण तास. दारातच ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मी चपलांपाशी उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. भिंतीला ओल आहे. नळाला पाणी कधी येतं? रस्त्यावर दिवे नाहीत. मालक एकेक गोष्ट कबूल करत भाव खाली आणत होता. प्रत्येक वेळी माझ्या जिभेवर काहीतरी येत होतं. खोलीला पूर्वेचं ऊन होतं, छत मजबूत होतं, आणि या बाजूला पुढे काय होणार ते तर मला नीटच माहीत होतं.

मी दात घट्ट आवळले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, इसाराची पावती माझ्या हातात दिली. त्यावर नाव तिचं होतं.

"आता बोला," ती म्हणाली.