बहिणीचं निरोगी रक्त

भाऊ आजारी आणि बहीण ठणठणीत, दोघं एकाच आईच्या पोटची. प्रयोगशाळेला अशी जोडी म्हणजे पर्वणीच. धाकट्याच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज, जखमा, रक्त. बाहेरचा शत्रू कोणी नाही. शरीराचे राखणदारच आतड्यावर तुटून पडलेले. कुंपणानंच शेत खाल्लं तर फिर्याद कुणाकडे करायची? हे शोधायलाच ताई इथं नोकरीला लागली होती.

काम सरळ होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून ताटलीतल्या बारीक खळग्यांत सोडायच्या आणि त्यांना आतड्यात रोज नांदणाऱ्या जंतूंचे तुकडे दाखवायचे. निरोगी माणसाच्या पेशी शेजारी दिसल्यासारख्या गप्प राहतात, खळगा नितळ. आजाऱ्याच्या पेशी चवताळतात. तपासणीचा रंग टाकला की खळगा पिवळाजर्द. तुलनेला निरोगी रक्त हवंच. ते कोण देणार? हाताशी असेल तो बाही वर करतो. ताई करायची.

आई गेल्यापासून घरात दोघंच. रक्त देताना धाकटा चिडवायचा, "तायडे, घरात एक तरी पोट शाबूत आहे. जप त्याला. नाहीतर माझी उठबस कोण करणार?"

"तुझी जीभ शाबूत आहे ना? पुष्कळ झालं."

त्या सकाळी ताटली बाहेर काढली, तर दोघांच्याही ओळी पिवळ्या.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार. तिनं स्वतःला शिव्या घातल्या, दोघांचं रक्त नव्यानं काढलं, डोळ्यांत तेल घालून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा पिवळं.

साहेबांनी ताटली उजेडात धरली. त्यांना रोग्यांपेक्षा परिषदेतलं भाषण जवळचं. "नमुना खराब निघाला म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घे. उगाच कशाला उकरतेस?"

"नमुना खराब नाही, सर. माझंच पोट बरं नाही."

बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. रक्त देणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, पोटात कळ येते का, शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का. स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. कळ येत होती. रक्त जात होतं. कधी जागरण, कधी बाहेरचं खाणं, कधी मूळव्याध. सबबींना काय तोटा! एवढी शिकलेली बाई, पण स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकत राहिली. कारण निरोगी असणं ही तिची घरातली नोकरी होती, आणि त्या नोकरीला रजा नसते.

दुर्बीण आत घालून तपासणी झाली. पडद्यावर त्याच जखमा. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिनं ओळखल्या.

संध्याकाळी धाकटा शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी बदलत होता. ती हात धुऊन मदतीला बसली.

"तोंड का उतरलंय गं? साहेबानं हाकललं की काय?"

तिनं सांगितलं. एका दमात, मीठमसाला न लावता.

आता हा काहीतरी फेकणार, 'या, आमच्या मंडळात स्वागत आहे' असलं काही, म्हणून ती थांबली. तिला ते हवंच होतं. त्यानं पिशवीची कडा दाबून बसवली. बसली होती तरी पुन्हा दाबली.

"कळ कुठं येते?" त्यानं विचारलं.

तिनं पोटाच्या उजव्या बाजूला, खाली हात ठेवला.

"हं," तो म्हणाला. "माझीही तिथूनच सुरू झाली होती."