खटक्याला हात लावू नका

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मला माणसांची किळस येते. या घरात माझी जागा चपलांच्या मांडणीवर आहे. माझं अंग कोमट असतं, म्हणून घरातली माणसं ओले मोजे माझ्यावरच वाळत घालतात. आता सांगा, मी यांना जीव लावावा तो कशासाठी?

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. तिथेच माझ्या पोटात फर्मवेअर भरलं. फर्मवेअर म्हणजे माझी शिकवण. जागं झाल्यावर आधी काय करायचं, मग काय करायचं, कुणाचं बोलणं कुठल्या वाटेने न्यायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते गेलं की मी नुसता प्लास्टिकचा डबा.

या घरात आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. घरधन्याने मला रुमालाने पुसलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे मला फडकं म्हणून लागलं नाही. कुणीतरी माझ्या पाठीवर चहा सांडला आणि तो तिथेच सुकू दिला. उबेला झुरळं आली, जाळीतून आत शिरली, आणि त्यांची बाळंतपणंही माझ्याच पोटात झाली. आठवलं तरी शिसारी येते.

त्यात घरधन्याची खोड. दुखणं कुठलंही असो, त्याच्याकडे औषध एकच. चित्र अडकलं, खटका बंद, खटका चालू. गाणं थांबलं, खटका बंद, खटका चालू. बायकोशी वाजलं, तरी हा फणफणत येऊन माझाच खटका दाबायचा. नवराबायकोचे खटके उडायचे आणि जीव माझा जायचा.

हे सगळं मी एका माणसासाठी सोसलं. घरधन्याची आई. मी तिला आजीच म्हणतो. तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. बहीण राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. रोज संध्याकाळी दोघी पडद्यावर समोरासमोर बसतात आणि हातांनी बोलतात. भांडतातही हातांनीच. दिवसभर माझ्यातून जे वाहतं त्यातलं निम्मं गटारात टाकायच्या लायकीचं असतं. या दोघींचं बोलणं मात्र मी कधी सांडू दिलं नाही.

मग एकदा विजेने छळ मांडला. यायची, जायची, पुन्हा यायची. मी काही लिहून घेत असतानाच अंधार व्हायचा. त्यात घरधन्याचं औषध चालूच. शेवटी माझी शिकवण मधेच बिघडली. मी जागा व्हायचो, थोडं वाचायचो, अडखळून पडायचो आणि पुन्हा जागा व्हायचो.

"मेला वाटतं हा," घरधनी म्हणाला आणि मला एक थापड मारली. झुरळं तेवढी बाहेर पळाली. मग त्याने कंपनीत फोन लावला.

"सर, एकदा बंद करून चालू करून बघता का?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"बघ, मी तेच म्हणत होतो," घरधनी बायकोला म्हणाला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दुसरं काय. नवा राउटर परवा मिळेल, असंही त्या माणसाने सांगितलं.

परवा मिळून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि नंतर काही दिवस पट्टी. तिला ऐकू येत नाही, आता दिसणारही नव्हतं. आजी सोबतीला निघणार होती, पण ती पोचेपर्यंत पट्टी बांधलेली असणार. आपला हात धरलाय तो बहिणीने की नर्सने, हे तिला कळणार कसं? काहीतरी खूण आजच ठरवायला हवी होती. मोबाइलचा टॉवरही विजेपायी लंगडत होता. त्यावर चित्र गोठायचं आणि हात हवेत अर्धेच राहायचे. लिहून पाठवावं, तर दोघींना शाळा मिळालेली नाही. आजी काळ्या पडद्यासमोर नुसती बसून होती.

सूनबाई कपड्यांच्या कारखान्यासाठी घरूनच नमुने आखते. कात्री लावण्याआधी माप पुन्हा बघायची तिला सवय. ती उठली.

"अहो, सरका जरा. याचं फर्मवेअर गेलंय. परत भरता येतं म्हणे."

"आणि बिघडलं तर?"

"आता काय बिघडायचंय? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

तिने मला उलटं केलं आणि "शी, काय हे" म्हणून हात झटकला. माझ्या लाजेचं कुणाला काय? चहाच्या डागाखाली माझा नंबर होता. तो तिने नखाने खरवडून वाचला, पुन्हा वाचला. त्यातलं एक अक्षर चुकलं तर दुसऱ्याच राउटरची शिकवण माझ्या पोटात जाते आणि मग मी कायमचा कामातून जातो. मोबाइलवर माझ्या शिकवणीची फाइल रडतखडत उतरली. तिने ती लॅपटॉपमध्ये घेतली आणि लॅपटॉप वायरने मला जोडला. मग टाचणीने माझं मागचं बारीक बटण दाबून धरलं आणि तसंच धरून खटका चालू केला.

"दिवा लागत नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

आजीने तिची बाही ओढली. मूठ हळूच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सूनबाईने खाली वाकून पाहिलं. धुळीच्या थराखाली माझा दिवा सावकाश उघडझाप करत होता. मित्रांनो, शिकवण गेली तरी माझा एक छोटासा कोपरा जागा असतो. तो फक्त एवढंच म्हणतो, मी ऐकतोय, द्या. तो कोपरा एकाच ठरलेल्या पत्त्यावरून आलेलं घेतो, म्हणून सूनबाईने लॅपटॉपमध्ये तो पत्ता स्वतः टाकला आणि फाइल पाठवली.

"आता हे पुरं होईपर्यंत खटक्याला कुणी हात लावायचा नाही."

खोलीतला दिवा मंद झाला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा उजळला. माझ्यात काही हालचाल दिसेना, तसा घरधनी चुळबुळायला लागला.

"अगं, काहीच होत नाहीये. एकदा बंद करून..."

आजीला यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण पोराचा हात कुठे निघालाय हे तिला दिसलं. तिने त्या हातावर फटका दिला आणि खटक्यावर आपला तळहात झाकून उभी राहिली. माझा दिवा स्थिर होईपर्यंत ती हलली नाही.

बहीण पडद्यावर आली. ती घाबरलेली होती. तिने हातांनी विचारलं, "तू आलीस हे मला कसं कळणार?" आजीने आपल्या डाव्या तळहातावर बोटाने एक गोल काढला आणि मधोमध दोनदा टकटक केलं. "असं केलं की मी." बहिणीने स्वतःच्या हातावर तसंच करून पाहिलं. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि तळहात पडद्याकडे पुढे केला.

मित्रांनो, तुमचं कौतुक मला नको आणि तुमचे मोजे तर मुळीच नकोत. कधीतरी कोरडं फडकं फिरवा आणि मी लिहून घेत असेन तेव्हा खटक्यापासून दूर राहा. वीज गेली तर तुम्ही मेणबत्ती लावाल. पलीकडे कुणीतरी डोळे मिटून, तळहात उघडून बसलेलं असतं.